आखूड नळी, हलका चाप

२४ जुलै १८८५ अशी तारीख असलेलं एक पत्र आहे. कॅन्ससमधल्या डॉज सिटीच्या ऑपेरा हाउस सलूनमधून ते निघालं आणि कनेटिकटमधल्या हार्टफर्डला, कोल्ट कंपनीकडे पोचलं. खाली सही डब्ल्यू. बी. मास्टरसनची. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कथांतून जगाला ठाऊक झालेला बॅट मास्टरसन तो हाच. एके काळी फोर्ड परगण्याचा शेरिफ होता आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात खेळांवर लिहू लागला. पत्र अगदी मोजकं आहे. .४५ चं, निकेलचा मुलामा दिलेलं एक आखूड रिव्हॉल्वर पाठवा. ते माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे, म्हणून त्यावर थोडी जास्त मेहनत घ्या. जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे द्यायला मी तयार आहे. चाप अगदी हलका करा. नेम धरायची पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड ठेवा. मूठ गटापर्चाची बसवा. नळीची लांबी रिकामी काडतुसं ढकलून काढायच्या दांडीइतकीच असू द्या. खाली ताजा कलम: असंच आणखी एक बनवा, म्हणजे एकूण दोन पाठवा.

आखूड नळीच्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरचा मागोवा घ्यायचा तर या पत्रापाशी बराच वेळ थांबावं लागतं, कारण या वस्तूचा सगळा स्वभाव त्यात उतरला आहे. लष्कराने लांब नळीचं रिव्हॉल्वर मागितलं आणि कारखान्याने ते बनवलं. आखूड मागितलं ते रोज कमरेला लावून हिंडणाऱ्या माणसाने. नळी आखूड केली की काही सोयी मिळतात आणि बरंच काही हातचं जातं. जे जातं ते भरून काढायला चाप, माशी, स्प्रिंग, खाचा या सगळ्यांवर हाताने काम करावं लागतं. म्हणून या रिव्हॉल्वरच्या इतिहासात नळी कापणं आणि कानस चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मास्टरसनने एकाच पत्रात दोन्ही मागितल्या.

सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. या रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक बार उडवण्याआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. घोडा मागे येताना सिलिंडर एक घर पुढे फिरतो आणि नवं काडतूस नळीसमोर येऊन पक्कं बसतं. चापाला मग एकच काम उरतं, ताणलेला घोडा सोडायचं. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढतानाच घोडा उठतो आणि सुटतोही, त्यामुळे चाप लांब आणि जड लागतो. सिंगल अ‍ॅक्शनचा चाप एक-दोन मिलिमीटर हलला की काम होतं. जाणकारांचा जीव अडकतो तो या एक-दोन मिलिमीटरमध्ये.

या यंत्राच्या जन्मकथेत कलकत्ता येतं. १८३० मध्ये सोळा वर्षांचा सॅम्युअल कोल्ट बॉस्टनहून ‘कॉर्व्हो’ या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज कलकत्त्याला निघालं होतं. त्या प्रवासात त्याने फिरत्या सिलिंडरचा लाकडी नमुना कोरला, असं तो पुढे सांगत असे. जहाजाचं सुकाणूचक्र बघून कल्पना सुचली, की नांगर ओढायचा रहाट बघून, यावर वाद आहेत. फिरत्या कोठ्यांची कल्पना मात्र त्याची नव्हे. तोड्याच्या बंदुकांच्या काळापासून युरोपात आणि आपल्याकडेही अशा बंदुका बनत होत्या, आणि १८१८ मध्ये एलिशा कोलियरने लंडनमध्ये चकमकीच्या फिरत्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं होतं. कोल्टने भर घातली ती एका सांध्याची. घोडा ओढण्याच्या एकाच हालचालीत सिलिंडर फिरावा आणि कुलूपबंद व्हावा, असं त्याने जुळवलं. १८३५ मध्ये ब्रिटनचं आणि १८३६ मध्ये अमेरिकेचं पेटंट त्याला मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावातला त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बंद पडला, पण तिथून बाहेर पडलेली काही रिव्हॉल्वरं टेक्सास रेंजर्सच्या हाती लागली होती.

त्या रेंजर्सपैकी सॅम्युअल वॉकरने १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये कोल्टला पत्र लिहिलं, आणि पुढच्या वर्षी आलेल्या रिव्हॉल्वरला त्याचंच नाव मिळालं. सहा गोळ्या, चापाभोवती कडं, नऊ इंची नळी, दोन किलोंच्या आसपास वजन. हे शस्त्र कमरेचं नव्हतंच. खोगिराला अडकवलेल्या म्यानात ते राहायचं. कोल्टचा स्वतःचा कारखाना तेव्हा नव्हता, म्हणून धाकट्या एली व्हिटनीच्या कारखान्यात ही रिव्हॉल्वरं बनवून घेतली. वॉकर त्याच वर्षी मेक्सिकोत हुआमांतलाच्या लढाईत मारला गेला. घोडेस्वाराची गरज पुरती भागवणारं हे रिव्हॉल्वर इतर कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं, आणि कोल्टच्या ते लगेच लक्षात आलं.

१८४८ मध्येच त्याने त्याचं पिल्लू काढलं. ‘बेबी ड्रॅगून’ म्हणून आज ते ओळखलं जातं: .३१ चं, पाच गोळ्यांचं आणि आखूड नळीचं. पाठोपाठ १८४९ चं पॉकेट मॉडेल आलं, नेमकं कॅलिफोर्नियात सोन्याची धाव लागली तेव्हा. सोनं शोधायला निघालेले, त्यांना फावडी आणि पीठ विकणारे, घोडागाडीने पूर्वेकडून पश्चिमेला जाणारे, असे सगळेच ते घेऊ लागले. काडतुसाआधीच्या काळातली कोल्टची सगळ्यात जास्त खपलेली बनावट हीच. तीन लाखांहून अधिक बनली. खिशात मावणाऱ्या आखूड रिव्हॉल्वरला लष्कराच्या ऑर्डरीची वाट बघावी लागत नाही, हे या आकड्यावरून दिसतं.

यातल्या तीन इंची नळीच्या काही नगांत दारू आणि गोळी सिलिंडरमध्ये ठासायची नळीखालची तरफच नाही. एवढ्या आखूड नळीखाली ती बसत नव्हती. म्हणजे भरायचं तर सिलिंडर बाहेर काढायचा आणि हाताशी असेल त्याने ठासायचं. नळी कापली की एक अवयव गळतो आणि वापरणारा त्याची तडजोड शोधतो. हा नियम इथे पहिल्यांदा दिसतो, आणि पुढे काडतुसाच्या काळात जसाच्या तसा परत येतो.

कानशीचं मूळही याच काळातलं आहे. यंत्राने एकसारखे भाग कापायचे आणि कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसवायचा, ही कोल्टच्या कारखान्याची जाहिरात होती, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तिने लोकांना चकित केलं. पण प्रत्येक रिव्हॉल्वरच्या भागांवर एकच अनुक्रमांक ठोकलेला असे, तो कशासाठी? भाग मऊ असतानाच कारागीर ते कानशीने घासून एकमेकांत बसवत, मग नंबर मारून कडक करायला भट्टीत पाठवत आणि नंतर तेच भाग तेच नंबर बघून पुन्हा जोडत. यंत्र तुकडा कापत होतं, पण बसवत होता तो हातच. सिंगल अ‍ॅक्शनला आजही ‘ट्यून’ करावं लागतं ते का, हे मला या नंबरांवरून सगळ्यात नीट समजलं. ते काम कारखान्यात नेहमीच होत होतं. फक्त कधी भरपूर, कधी कमी.

कोल्ट १८६२ मध्ये वारला. धातूच्या काडतुसाला लागणाऱ्या आरपार छिद्रांच्या सिलिंडरचं पेटंट रॉलिन व्हाइटचं होतं आणि ते स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं. १८६९ मध्ये त्याची मुदत संपल्यावर हार्टफर्डला रस्ता मोकळा झाला. विल्यम मेसनने रचना आखली आणि १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली. ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ ते हेच, लोकांच्या तोंडी ‘पीसमेकर’. घोडदळासाठी साडेसात इंची नळी होती. नागरिकांसाठी साडेपाच आणि पावणेपाच इंचांच्या नळ्या निघाल्या. पावणेपाचचा आकडा कुठून आला? रिकामं काडतूस ढकलणारी दांडी आणि तिची नळकांडी नळीच्या उजव्या अंगाला बसवलेली असते, आणि पावणेपाच इंचांवर दोघींची टोकं बरोबर जुळतात. मास्टरसनच्या पत्रात दांडीचा उल्लेख आहे तो याच मापाचा. त्याला पट्टी लावायची गरज नव्हती. ज्याला वस्तू माहीत आहे तो असंच माप सांगतो.

त्याहून आखूड हवं असेल तर दांडीच काढून टाकायची. तीन-चार इंची नळीची, दांडीशिवायची काही रिव्हॉल्वरं हार्टफर्डने मागणीनुसार बनवली. चौकटीच्या उजव्या बाजूला दांडी बसवायचा उंचवटाच त्यांना नाही, म्हणजे नंतर कोणी कापलेली नळी आणि कारखान्यातून तशीच निघालेली नळी यांतला फरक तिथे ओळखता येतो. ‘शेरिफ्स मॉडेल’ आणि ‘स्टोअरकीपर्स मॉडेल’ ही नावं मागाहून संग्राहकांनी दिली. दुसरं नाव मला जास्त खरं वाटतं. गल्ल्याखाली ठेवायचं, टेबलाच्या पलीकडच्या माणसासमोर लागलंच तर एकदाच काढायचं, अशा हत्याराला दांडीची गरज कमी आणि आखूडपणाची जास्त. बार झाल्यावर मात्र सिलिंडर बाहेर काढून काडी किंवा खिळ्याने काडतुसं ढकलावी लागतात. तीन इंची पॉकेट मॉडेलचीच ती अडचण, फक्त आता काडतुसांसाठी.

या रिव्हॉल्वरचा घोडा सावकाश मागे ओढून बघितला तर चार आवाज येतात. पहिला अगदी जवळ, घोडा किंचित उचलला की. ती सुरक्षेची खाच. दुसरा अर्ध्यावर; इथे सिलिंडर मोकळा फिरतो आणि बाजूचं झाकण उघडून काडतुसं भरता येतात. तिसरा आवाज सिलिंडर अडवणारी खिट्टी वर येऊन त्याच्या खाचेत बसल्याचा. चौथा पूर्ण ताणाचा, चापाचं टोक घोड्याच्या शेवटच्या खाचेत अडकल्याचा. अमेरिकी मंडळी या चार आवाजांत कंपनीच्या नावाची चार अक्षरं ऐकतात. आतमध्ये घोड्याला जोडलेली एक पट्टी सिलिंडरच्या मागच्या दातांना वर ढकलत असते. घोड्याच्या कुशीवर एक छोटा उंचवटा असतो. खिट्टीचा मागचा पाय त्यावरून चढतो आणि घसरून खाली येतो, आणि तेवढ्यात खिट्टी खाली जाऊन पुन्हा वर उसळते. खिट्टी आणि चाप या दोघांना मिळून एकच पातळ, दोन फाट्यांची पट्टीची स्प्रिंग. जुन्या कोल्टमध्ये काही मोडायचं असेल तर बहुधा ती स्प्रिंग किंवा खिट्टीचा तो पाय मोडतो.

‘चाप हलका करा’ या शब्दांमागे हे सगळं आहे. घोड्याची शेवटची खाच आणि चापाचं टोक जिथे एकमेकांवर टेकतात त्या दोन कडा सरळ, चकचकीत आणि योग्य कोनात हव्यात. खडबडीत असतील तर चाप अडखळत सुटतो, कोन चुकला तर घोडा आपसूक सुटायची भीती. मधल्या स्प्रिंगा किती पातळ करायच्या यालाही मर्यादा आहे: मुख्य स्प्रिंग फार मऊ केली तर घोडा टोपीवर पुरेसा आदळत नाही आणि बार उडत नाही. चांगला कारागीर आधी खिट्टी कधी उठते आणि सिलिंडर कधी पोचतो ते बघतो. खिट्टी लवकर उठली तर सिलिंडरभोवती घासल्याची रेघ उमटते. उशिरा उठली तर सिलिंडर पुढे घसरतो. जुनं कोल्ट हातात घेतल्यावर जाणकार आधी हीच रेघ शोधतात.

सुरक्षेची पहिली खाच अतिशय नाजूक. त्या खाचेत घोडा अडकवून सहाही काडतुसं भरली आणि हत्यार जमिनीवर घोड्यावरच पडलं, तर खाच तुटून बार उडू शकतो. म्हणून सिंगल अ‍ॅक्शन बाळगणाऱ्यांची रीत पडली: एक घर भरायचं, एक सोडायचं, चार भरायची, आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. सहाचं रिव्हॉल्वर कमरेवर पाचचंच.

आता माशी. कोल्टचं मागचं दर्शन म्हणजे चौकटीच्या पाठीवर कोरलेली एक चर, हलवता न येणारी. पुढे नळीच्या टोकावर पातळ पात्यासारखी माशी. नेम जुळवायचा तर एकच उपाय: गोळी खाली लागत असेल तर माशी कानशीने घासून कमी करायची, की नळीचं तोंड उचलून गोळी वर लागते. पण गोळी वर लागत असेल तर काढलेला धातू परत येत नाही. म्हणून मास्टरसनची ‘थोडी उंच’ ही मागणी मला फार शहाणपणाची वाटते. उंच माशी मिळाली की आपल्या दारूला, आपल्या हाताला आणि आपल्या अंतराला जुळेपर्यंत ती घासत नेता येते. ‘जाड’ का, तेही उघड आहे: संध्याकाळच्या दिव्यात पातळ पातं दिसत नाही.

आखूड नळीत हे आणखी कठीण होतं. तीन इंची नळीवर माशी आणि मागची चर यांत साधारण ११ सेंटिमीटर अंतर राहतं. नेम धरताना त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ २३ सेंटिमीटर सरकते. साडेसात इंची नळीवर तोच फरक निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय काळ्या दारूचा मोठा भाग नळीबाहेर जळतो, त्यामुळे आवाज, ज्वाळा आणि धूर जास्त आणि गोळीचा वेग कमी. पुढचं वजन कमी असल्यामुळे तोंड झटकन वर उडतं. कोल्टची मूठ नांगराच्या मुठीसारखी खाली वळलेली आहे. धक्का बसला की ती तळहातात गोल फिरते आणि घोडा आपणहून अंगठ्यापाशी येतो. मोठ्या हाताची माणसं करंगळी मुठीखाली दुमडून धरतात. आखूड रिव्हॉल्वर चालवायला ज्याला जमलं, त्याला हे फिरणं अडवायचं नसून वापरायचं असतं, हे कळलेलं असतं.

या सगळ्या खऱ्या पत्रव्यवहारावर एका खोट्या गोष्टीने बराच काळ झाकण घातलं. १९३१ मध्ये स्टुअर्ट लेकने पश्चिमेकडच्याच कथांतल्या वायट अर्पचं चरित्र लिहिलं. त्यात लेखक नेड बंटलाइनने अर्प, मास्टरसन आणि इतर काहींना बारा इंची नळीची खास कोल्ट भेट दिल्याची कथा आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने ती उचलली, कारखान्यांनी ‘बंटलाइन’ नावाची लांब रिव्हॉल्वरं विकली. पण त्या भेटीचा कागदोपत्री पुरावा सापडलेला नाही, आणि मास्टरसनने स्वतः मागवलेलं तर आखूडच होतं. ज्यांनी ही हत्यारं खरोखर बाळगली त्यांचं मत त्या एका पत्रात असताना पडद्याने उलट चित्र रंगवलं, याची मला खंत वाटते.

लष्करालाही शेवटी आखूडपणा पटला. १८९० च्या दशकात स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागाराने घोडदळाची जुनी कोल्ट परत घेऊन त्यांच्या साडेसात इंची नळ्या साडेपाचवर कापल्या. ती सरमिसळ भागांतून पुन्हा जोडली गेल्यामुळे नंबर जुळत नाहीत आणि संग्राहक त्यावर अजून डोकं खाजवतात. फिलिपिन्सच्या लढाईत नव्या .३८ च्या रिव्हॉल्वरांचा मार अपुरा वाटला तेव्हा हीच कापलेली .४५ पुन्हा सैनिकांच्या हाती गेली.

नेमबाजीच्या मैदानासाठी १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या बिस्ली मैदानाच्या नावाने एक वेगळं मॉडेल निघालं. त्याची मूठ आणि घोडा वेगळा होता आणि चाप रुंद. या मॉडेलचं महत्त्व एवढंच की त्याचे सुटे भाग पुढच्या पिढीतल्या कारागिरांच्या कामी आले.

१९१६ च्या मार्चमध्ये लेफ्टनंट जॉर्ज पॅटनने टेक्सासमधल्या एल पासोतून एक सिंगल अ‍ॅक्शन कोल्ट घेतलं: .४५, पावणेपाच इंची नळी, कोरीव काम, हस्तिदंती मूठ. मे महिन्यात मेक्सिकोत जनरल पर्शिंगच्या मोहिमेवर असताना पांचो व्हियाच्या फौजेतल्या हूलियो कार्देनासच्या माणसांशी त्याची गाठ पडली आणि ते रिव्हॉल्वर चाललं. त्या चकमकीत एक गोष्ट त्याला पक्की कळली, ती म्हणजे गोळीबार चालू असताना एकेक काडतूस दांडीने ढकलून पुन्हा भरायला लागणारा वेळ. त्यानंतर तो दोन हत्यारं बाळगू लागला.

पण या वंशातला खरा कारागीर म्हणजे एल्मर कीथ. आयडाहो आणि ओरेगॉनच्या गुरांच्या रानात वावरलेला हा माणूस सिंगल अ‍ॅक्शनबद्दल जितकं सविस्तर लिहून गेला तितकं फार कोणी लिहिलेलं नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाचा हॅरल्ड क्रॉफ्ट हा हौशी माणूस स्वतः सुधारून घेतलेली चार कोल्ट घेऊन ओरेगॉनमधल्या त्याच्या रँचवर आला. ती हलकी केलेली होती. मुठी बदललेल्या, दर्शनं बसवलेली. दोघांनी ती चालवून बघितली, वाद घातले, आणि त्यातून कीथचं ‘क्रमांक पाच’ तयार झालं. .४४ स्पेशल, साडेपाच इंची नळी, मागचं दर्शन हलवता येणारं, मूठ साध्या कोल्टच्या आणि बिस्लीच्या घडणीची जुळवणी करून बनवलेली, सिलिंडरची खुंटी निसटू नये म्हणून नवं कुलूप. १९२९ च्या एप्रिलच्या ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला, आणि शीर्षक दिलं ‘द लास्ट वर्ड’. हे रिव्हॉल्वर आखूड म्हणण्याइतकं आखूड नाही, पण मास्टरसनने पत्रात लिहिलं तेच कीथने हातात कानस घेऊन केलं. चाप, माशी, मूठ, लांबी, सगळं आपल्या हाताला आणि आपल्या रानाला जुळवलं. पुढच्या पन्नास वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक सुधारलेल्या सिंगल अ‍ॅक्शनवर क्रमांक पाचची छाप आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोल्टने हे मॉडेल थांबवलं. तोवर साडेतीन लाखांहून थोडी अधिक बनली होती. कंपनीला ते जुनाट वाटलं असणार. मग अमेरिकेच्या घराघरांत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यावर काउबॉय. मागणी उसळली आणि कोल्ट झोपलेलीच होती. कनेटिकटमधल्याच बिल रुगरने १९५३ मध्ये .२२ चं ‘सिंगल सिक्स’ काढलं, १९५५ मध्ये .३५७ चं ‘ब्लॅकहॉक’. बाहेरून दिसायला कोल्टसारखंच. आत मात्र मोडणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगा गेल्या आणि तारेच्या वेटोळ्या आल्या, त्या सहसा मोडत नाहीत. मागचं दर्शन हलवता येणारं, म्हणजे कीथची मागणी कारखान्यात पोचली. कोल्टने १९५६ मध्ये जुनं मॉडेल पुन्हा सुरू केलं.

त्या दशकात झटपट म्यानातून काढून बार उडवण्याचा छंद पसरला. नळी जितकी आखूड तितकी ती म्यानातून लवकर सुटते, म्हणून पुन्हा पावणेपाच इंच. घोडा तळहाताने मागे झोडपण्याच्या सवयीने खिट्ट्या आणि खाचा चेपल्या, आणि अनेकांनी आपल्याच पायात गोळ्या मारून घेतल्या. स्पर्धांत मग मेणाच्या गोळ्या आणि कोरे बार आले. सुधारणाऱ्या कारागिरांना काम मिळालं, पण त्या काळातल्या बऱ्याच ‘हलक्या’ केलेल्या रिव्हॉल्वरांना मी सुधारलेली म्हणणार नाही. गतीसाठी त्यांचा कस काढून घेतला होता.

सिनेमात हे काम प्रामाणिकपणे दाखवलंय एकाच ठिकाणी. १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये तुको हत्यारांच्या दुकानात शिरतो, वेगवेगळी रिव्हॉल्वरं खोलतो, एकाची नळी, दुसऱ्याचा सिलिंडर घेतो, आणि सिलिंडर कानाशी धरून फिरवत राहतो. इलाय वॉलाकने केलेल्या त्या प्रसंगात संवाद फारसे नाहीतच, आणि तरीही खिट्टी, पट्टी आणि दात यांचं सगळं शास्त्र त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

१९७३ मध्ये रुगरने नवी रचना आणली. घोडा आणि टोपी यांच्यामध्ये एक पट्टी आली, आणि चाप ओढलेला असेल तरच ती पट्टी घोड्याचा मार पुढे पोचवते. पडून बार उडण्याची भीती संपली. सहाही घरं भरता येऊ लागली. त्याबरोबर अर्ध्या घोड्याची खाच गेली आणि चार आवाजही. सुरक्षेच्या दृष्टीने ही सुधारणा निर्विवाद आहे. पण ज्यांच्या अंगठ्याला चार आवाजांची सवय होती त्यांनी जुनी मॉडेलं कधीच सोडली नाहीत, आणि मला त्यांचंही म्हणणं समजतं.

इटलीतल्या ब्रेशिया प्रांतातल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात तोवर दुसरी शाखा फुटली होती. अल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये तिथे कारखाना काढला तो अमेरिकन गृहयुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने जुन्या कोल्टच्या प्रतिकृती बनवायला. स्वस्त, नीट बनवलेल्या आणि आखूड नळ्यांच्याही. पक्ष्याच्या डोक्यासारख्या गोल मुठीची साडेतीन इंची रूपं तिथूनच जगभर गेली. त्यांत आखूड दांडीही असते, पण ती पूर्ण काडतूस बाहेर ढकलत नाही; शेवटचा थोडा भाग नखाने ओढावा लागतो.

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली. जुन्या घडणीची दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरं, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन, आणि लोखंडी लक्ष्यं. जो कमी वेळात सगळी पाडेल तो पुढे. प्रत्येक रिव्हॉल्वरमध्ये पाचच काडतुसं आणि घोडा रिकाम्या घरावर, पट्टीची सुरक्षा असली तरी. या खेळासाठी रुगरने १९९३ मध्ये ‘वाकेरो’ काढलं आणि त्यावर मागचं दर्शन मुद्दाम न हलणारं ठेवलं, म्हणजे घेणाऱ्यांना पुन्हा माशी घासणं आलं. खेळातल्या गतीसाठी स्प्रिंगा मऊ करणं, खिट्टीची वेळ जुळवणं, अंगठा कमी पोचावा लागेल असा घोडा बसवणं, आखूड नळीच्या नगात सिलिंडरच्या घरांचं तोंड गोळीच्या मापाला एकसारखं करणं, हा आता सगळ्या अमेरिकेत चालणारा धंदा आहे. उबेर्ती २००० मध्ये बेरेट्टाकडे गेली, कोल्ट २०२१ मध्ये चेक कंपनी सीझेडकडे.

यातल्या चांगल्या कारागिराची एक पद्धत ठरलेली आहे. नवं आखूड रिव्हॉल्वर आलं की आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, कोणतं काडतूस वापरणार, किती अंतरावर, आणि एका हाताने की दोन हातांनी. त्याच काडतुसाच्या पाच गोळ्या कागदावर मारायच्या आणि कुठे लागल्या ते मोजायचं. गोळ्या डावीकडे किंवा उजवीकडे असतील तर नळीच आट्यांवर केसभर फिरवायची, म्हणजे माशी तिरपी होते आणि गोळी जागेवर येते. खाली लागत असतील तर माशीवर कानशीचा एक हात फिरवायचा, आणि पुन्हा पाच मारायच्या. माशी उरलेली असते तोवर घाई करायची नाही. शेवटचा केसभर धातू गिऱ्हाइकाने स्वतः चालवून बघितल्यावर, त्याच्या हातात काढायचा.